कुत्रीमध्ये शस्त्रक्रियेद्वारे कृत्रिम रेतन: सीमाभागातील श्वानपालकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात कृत्रिम रेतन म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो, मोटारसायकलवरून नायट्रोजनचा लहान कॅन येतो, कोमट पाण्यात गोठवलेल्या वीर्याची कांडी वितळवली जाते आणि गोठ्यातल्या गोठ्यात काम उरकते. मुधोळ हाउंड, जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर पाळणारे अनेक जण हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून आपल्या कुत्रीसाठी चौकशी करतात आणि डॉक्टरांनी ‘पोट उघडावे लागेल’ असे सांगितले की एक तर घाबरून माघार घेतात, नाही तर काहीही न विचारता होकार देऊन मोकळे होतात. हा लेख या दोन्ही प्रकारच्या पालकांसाठी आहे. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची असते, त्यामुळे ती कशी करावी हे शिकवणे हा येथे उद्देश नाही. परंतु तिच्या आधीची आणि नंतरची बहुतेक कामे पालकाच्या हातात असतात, आणि पिल्ले होणार की नाही हे बव्हंशी त्या कामांवरच ठरते.

गायीची रीत कुत्रीला का लागू पडत नाही

गायीच्या रेतनात डॉक्टर एक हात गुदमार्गात घालून गर्भाशयमुख पकडतात आणि दुसऱ्या हाताने गन त्यातून पुढे सरकवतात. कुत्रीच्या बाबतीत असा हात घालण्याचा प्रश्नच येत नाही. तिचा योनीमार्ग शरीराच्या मानाने बराच लांब असतो, आतल्या टोकाला वरच्या बाजूने एक जाड घडी खाली आलेली असते आणि त्या घडीच्या आड गर्भाशयमुख सरळ समोर नव्हे, तर तिरके वळलेले असते. साधी नळी कितीही काळजीपूर्वक घातली तरी वीर्य गर्भाशयात न पडता योनीमार्गातच पडते.

वीर्य ताजे असेल तर याने फारसे बिघडत नाही. ताजे शुक्राणू मादीच्या शरीरात पाच दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतात आणि आपला मार्ग आपणच काढतात. इटलीतील लाझारो स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कुत्रीमध्ये कृत्रिम रेतन केले, तेव्हा ताजे वीर्य वापरून ६२ दिवसांनी तीन पिल्ले मिळाली होती, आणि त्यासाठी कोणतीही शस्त्रक्रिया लागली नव्हती. शीतगृहाच्या तापमानाला ठेवून पाठवलेले (शीत) वीर्य मात्र एक ते तीन दिवसच टिकते, आणि गोठवून वितळवलेले वीर्य जेमतेम बारा ते चोवीस तास. एवढ्या कमी आयुष्याचे आणि संख्येनेही कमी असलेले शुक्राणू योनीमार्गात सोडून देणे म्हणजे मौल्यवान कांड्या वाया घालवणे होय. ते थेट गर्भाशयात सोडावे लागतात. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशयमुख पाहून त्यातून बारीक नळी आत घालणे, आणि दुसरा म्हणजे भूल देऊन, पोट उघडून, सुईने गर्भाशयात वीर्य सोडणे.

शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे का

हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावा. दुर्बिणीच्या पद्धतीत मादी टेबलावर उभी असते, बहुतेक वेळा तिला गुंगीचे औषधही लागत नाही, टाके पडत नाहीत आणि गरज वाटल्यास दुसऱ्या दिवशी रेतन पुन्हा करता येते. सरावलेल्या हाताने केले तर तिचे यश शस्त्रक्रियेच्या तोडीचे असते. अडचण एवढीच की ती दुर्बीण आणि ती चालवण्याचा सराव दोन्ही असलेले पशुवैद्यक मोठ्या शहरांत, तेही मोजकेच आढळतात. बेळगावहून पुणे किंवा बेंगळुरूपर्यंत मादीला न्यावे लागते, आणि एवढा प्रवास नको म्हणून गावातच पोट उघडण्याचा निर्णय घेतला जातो. माझे मत स्पष्ट आहे: राष्ट्रीय महामार्गावरचा एक रात्रीचा प्रवास हे मादीला भूल देऊन तिचे पोट उघडण्याचे कारण होऊ शकत नाही. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ही शस्त्रक्रिया प्राणिकल्याणाच्या कारणास्तव मान्य नाही, कारण मादीच्या स्वतःच्या प्रकृतीला तिचा काहीही लाभ नसतो. तो आक्षेप आपल्याकडेही तितकाच लागू होतो, आणि तो मनात ठेवूनच पुढचे पाऊल टाकावे.

तरीही काही प्रसंगी हा मार्ग समजण्यासारखा असतो. एखादा उत्तम नर मरण पावला आहे, त्याच्या वीर्याच्या एक-दोनच मात्रा शिल्लक आहेत आणि वितळवल्यानंतर शुक्राणूंची संख्या बेताची राहणार आहे; किंवा दुर्बिणीने प्रयत्न करूनही गर्भाशयमुखातून नळी जात नाही; किंवा मागच्या दोन माजांत योग्य दिवशी रेतन होऊनही मादी गाभण राहिली नाही आणि गर्भाशयावर काही गाठी वा पाण्याचे फोड आहेत का हे डॉक्टरांना प्रत्यक्ष पाहायचे आहे. याउलट, मादी नराला जवळ येऊ देत नाही, नर अनुभवी नाही, दोघांच्या उंचीत फरक आहे, ही शस्त्रक्रियेची कारणे नव्हेत. मादी नराला झिडकारते तेव्हा बहुतेक वेळा दिवस चुकलेला असतो. योनीमार्गच अरुंद असल्यामुळे संग होत नसेल, तर पिल्ले त्या वाटेने बाहेर कशी येणार हा प्रश्न रेतनाच्या आधी सोडवावा लागतो.

मुधोळ हाउंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. २०१६ मध्ये या जातीची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात गेली, २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला, आणि मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की प्रत्येकाला त्याच दोन-चार नावाजलेल्या नरांचे वीर्य हवे असते. गोठवलेल्या कांड्यांमुळे ते सहज शक्यही होते, आणि काही पिढ्यांत जवळच्या नात्यातले संबंध वाढून जातीची मुळे अरुंद होतात. कांडी घेण्यापूर्वी नराची आणि मादीची निदान तीन पिढ्यांची वंशावळ शेजारी ठेवून पाहावी. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. या जातीविषयी शंका असल्यास चौकशीची ती योग्य जागा आहे.

कायदा आणि कागदपत्रे

श्वानप्रजनन व विक्रीसंबंधीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आलेले आहेत. त्यांनुसार व्यवसाय म्हणून प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, अठरा महिन्यांहून लहान मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत आणि एका मादीला आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा विऊ देता येत नाही. नियमांचा मूळ मजकूर, विशेषतः प्रजननाच्या पद्धतींविषयीचा भाग, आपल्या डॉक्टरांसोबत बसून वाचून घ्यावा आणि त्यानंतरच तारीख ठरवावी. पिल्लांची केनेल क्लबकडे नोंदणी करायची असेल, तर कृत्रिम रेतनाच्या वेतासाठी कोणते दाखले लागतील हे रेतनाच्या आधीच विचारून घ्यावे. पिल्ले झाल्यावर नराच्या मालकाची सही मिळवत फिरणे हा मोठा ताप असतो.

संमतीपत्राविषयी एक साधी सूचना. आपल्या भागातील दवाखान्यांत ते बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत छापलेले असते. ते समजले नसेल तर सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी मराठीत समजावून घेण्यात कमीपणा नाही. भुलेतील धोका, गर्भ न राहण्याची शक्यता आणि आपत्कालीन प्रसंगी गर्भाशय काढून टाकण्याची परवानगी, या तीन बाबी त्यात कशा लिहिल्या आहेत ते विशेष पाहावे.

माजाच्या आधीची तयारी

मादी माजावर आल्यावर तपासण्या सुरू करणे म्हणजे उशीर करणे. माजाच्या महिना-दीड महिना आधी लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण झालेले असावे, आणि नर व मादी या दोघांचीही ब्रुसेला कॅनिसची रक्ततपासणी झालेली असावी. हा जिवाणू गर्भपात घडवतो, वीर्यातून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. नराच्या मालकाने अहवाल दाखवण्यास टाळाटाळ केली तर तेथेच थांबावे.

दुसरी बाब गोचिडांची. आपल्याकडे गोचिडांचा ताप इतका सर्रास आढळतो की बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्रीच्या रक्तातही प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) कमी निघतात. माजाच्या काळात गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे अशा मादीचे पोट उघडणे धोक्याचे आहे. संपूर्ण रक्तगणना, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि रक्ततपासणीत गोचिडजन्य रोगाचा शोध हे सर्व आधी उरकावे. तेव्हाच आजार सापडला तर उपचार पूर्ण करून पुढच्या माजाची वाट पाहावी. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे गर्भावस्थेत देणे टाळायचे असते, त्यामुळे ‘रेतन आधी, औषध नंतर’ हा हिशेब येथे चालत नाही.

दिवस ठरवणे

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक अपयश येथे येते, आणि सर्वाधिक दुर्लक्षही येथेच होते. रक्तस्राव सुरू झाल्यापासून अकरावा आणि तेरावा दिवस मोजण्याची आपल्याकडील रूढ पद्धत नैसर्गिक संगासाठी बऱ्याचदा निभावून जाते, कारण ताजे शुक्राणू अंड्यांची वाट पाहत थांबू शकतात. गोठवलेले शुक्राणू थांबू शकत नाहीत. काही माद्यांमध्ये अंडी पाचव्या-सहाव्या दिवशी सुटतात आणि काहींमध्ये पंचविसाव्या दिवसानंतरही. एकाच मादीच्या दोन माजांतही फरक पडतो. शिवाय कुत्रीची अंडी सुटताना अपक्व असतात. ती फलनक्षम होण्यासाठी आणखी दोन ते तीन दिवस लागतात, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ती निकामी होतात. गोठवलेल्या वीर्याने ही छोटी फट नेमकी गाठायची असते, आणि दिवस हुकला तर सर्वांत निष्णात शल्यविशारदही ती चूक भरून काढू शकत नाही.

दिवस ठरवण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे रक्तातील प्रोजेस्टेरॉन. रक्तस्राव दिसल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली तपासणी करावी आणि त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा करावी. सुरुवातीला आकडा एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असतो. तो दोनच्या आसपास आला की अंडी सुटण्याचा संकेत देणारे संप्रेरक उसळलेले असते. साधारण दोन दिवसांनी, पाचच्या आसपास, अंडी सुटतात. शीत वीर्य असेल तर अंडी सुटल्यानंतर दोन दिवसांनी आणि गोठवलेले असेल तर तीन दिवसांनी रेतन करतात. समजा, सहाव्या दिवशी आकडा ०.८ आला, नवव्या दिवशी १.९ आणि अकराव्या दिवशी ५.६ आला, तर गोठवलेल्या वीर्याची शस्त्रक्रिया चौदाव्या दिवशी ठरेल. त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा रक्त पाहावे. आकडा चांगला चढून पंधरा-वीसच्या घरात गेलेला असावा. तो मध्येच अडकलेला दिसला तर डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतील, आणि त्यांनी तसे केले तर भाड्याची गाडी उभी आहे म्हणून त्यांच्यावर घाई लादू नये.

ही तपासणी बहुधा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये करावी लागते. अहवालावर तुमच्या कुत्रीच्या नावापुढे ‘श्रीमती’ छापून येते आणि उजव्या बाजूला महिलांच्या मासिक पाळीप्रमाणे सामान्य मर्यादा दिलेल्या असतात; त्या मर्यादांकडे पाहायचेच नाही, फक्त आकडा आणि त्यापुढील एकक वाचायचे. काही यंत्रे नॅनोमोल प्रति लिटर या एककात आकडा देतात, त्याला ३.१८ ने भागले की आपला नेहमीचा आकडा मिळतो. हा भागाकार न केल्यामुळे सोळा नॅनोमोलला ‘सोळा’ समजून मादीला घाईघाईने टेबलावर घेतले, तर प्रत्यक्षात अंडी नुकतीच सुटलेली असतात. सर्व तपासण्या एकाच लॅबमध्ये कराव्यात, कारण यंत्र बदलले की आकडाही बदलतो. रक्त साध्या नळीत घ्यावे. जेल असलेल्या नळीत प्रोजेस्टेरॉन कमी दाखवले जाऊ शकते. रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवले तरीही आकडा खोटा कमी येतो, म्हणून नळी सामान्य तापमानालाच ठेवून लवकर लॅबमध्ये पोचवावी.

योनीमार्गातील पेशींची काचपट्टी हे सोबतीचे साधन आहे. माज पूर्ण भरला की पेशी चपट्या, कोनदार आणि केंद्रक नसलेल्या दिसू लागतात. तिने अंडी सुटल्याचा नेमका दिवस कळत नाही, पण लॅबचा आकडा आणि पट्टी यांचे जुळत नसेल तर कोठे तरी गडबड आहे हे लक्षात येते. रविवार, गणेशोत्सव आणि बंद यांचा हिशेब आधीच करून ठेवावा. लॅब बंद असलेला एक दिवस संपूर्ण माज वाया घालवू शकतो.

वीर्य आणणे आणि तपासणे

गोठवलेले वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये येते. गायींच्या रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅनमध्ये ते तात्पुरते ठेवता येते, मात्र वेगळ्या रंगाच्या, नाव लिहिलेल्या कपात, आणि कांडी कॅनच्या तोंडाशी वर उचलून न्याहाळण्याचा मोह टाळून; काही सेकंदांतच तिचे नुकसान होते. पोहोचलेल्या पेटीतील नायट्रोजनची पातळी आल्याआल्या पाहावी.

शीत वीर्य चार ते पाच अंश तापमानाला थर्मासच्या पेटीत येते. कोल्हापूर किंवा पुण्याहून ते पार्सलने मागवणाऱ्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस कोगनोळीपाशी थांबतात, आणि पेटीतील वीर्य मात्र तासातासाने म्हातारे होत जाते. शक्य तेथे स्वतःचे वाहन पाठवावे. बर्फाची पिशवी नळीला थेट टेकलेली नसावी, आणि पेटी उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नये.

कांडी वितळवण्याची रीत गोठवणाऱ्या प्रयोगशाळेनुसार बदलते. कोठे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, तर कोठे अधिक गरम पाण्यात काही सेकंदच. सोबत आलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यावी आणि गायीच्या कांडीच्या सवयीने काम उरकू देऊ नये. वितळवलेल्या वीर्याचा एक थेंब, कोमट केलेल्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मादीला भूल देण्यास संमती देऊ नये. मात्र सर्व मात्रा आधीच वितळवू नयेत, चाचणीसाठी एकच कांडी वापरावी. डोळ्याला दिसायला हवे ते असे: पट्टीवरून सरळ रेषेत पुढे जाणारे शुक्राणू. जागच्या जागी वळवळणारे किंवा गोल फिरणारे मोजायचे नाहीत. सरळ जाणारे तीसपेक्षा कमी टक्के असतील तर पोट उघडण्याआधी पुन्हा विचार करावा. एका रेतनात सरळ जाणारे शुक्राणू साधारण दहा कोटी असावेत असे मानतात, आणि त्यासाठी एकाऐवजी अनेक कांड्या लागतात हे गायीच्या एका कांडीला सरावलेल्या पालकाला पटकन पटत नाही.

भूल: मुधोळ व कारवानसाठी विशेष काळजी

मादीला शस्त्रक्रियेच्या आधी आठ ते बारा तास खायला देऊ नये. पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत द्यावे. बाकी भूल हा डॉक्टरांचा विषय असला तरी मुधोळ, कारवान, पश्मी यांच्या पालकांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा. या सडपातळ शिकारी जातींच्या शरीरात चरबी अगदी थोडी असते आणि काही औषधे त्यांचे यकृत हळू मोकळी करते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या औषधाने त्या फार उशिरा शुद्धीवर येतात. प्रोपोफॉलने भूल देऊन आयसोफ्लुरेन वायूवर ठेवण्याची सोय दवाखान्यात आहे का, श्वासनलिकेत नळी घातली जाते का आणि हृदयाचे ठोके व ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवायला शल्यचिकित्सकाव्यतिरिक्त दुसरी व्यक्ती असते का, हे विचारावे. तीनपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर आपल्या पसंतीचा दवाखाना बदलावा, हा माझा सल्ला आहे. चरबी नसलेले शरीर थंडही लवकर पडते. कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशव्या, जाड घोंगडे आणि पंखा बंद असलेली खोली ही तयारी पालकाने आधीच करून ठेवावी.

टेबलावर काय होते

मादीला पाठीवर झोपवून पोटाचे केस काढतात आणि कातडी स्वच्छ करतात. बेंबीच्या मागे, मध्यरेषेवर, काही सेंटिमीटरची चीर घेतात. गर्भाशयाची दोन शिंगे आणि ती एकत्र येतात तो भाग हळुवार बाहेर घेऊन सलाइनने ओल्या केलेल्या कापडावर ठेवतात. माजावरील गर्भाशय फुगीर, गुलाबी-लालसर आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. ते ओढले किंवा पिळले तर लगेच रक्त येते, म्हणून या टप्प्यावर डॉक्टरांचा वेग मुद्दाम मंद असतो. इथे गर्भाशयावर व अंडाशयावर फोड वा गाठी आहेत का हे पाहून घेतात.

मग गर्भाशयाचा खालचा भाग एका हाताच्या अंगठा आणि बोटामध्ये हलकेच दाबून धरतात, जेणेकरून सोडलेले वीर्य खाली योनीमार्गाकडे न जाता वर शिंगांकडे जाईल. बारीक सुई किंवा सलाइनची नळी भिंतीतून पोकळीत घालतात. सुई पोकळीत आहे की भिंतीतच अडकली आहे हे पहिल्या थेंबाला जाणवते: भिंतीत असेल तर पिचकारीला अडथळा येतो आणि त्या जागी लहानसा फुगा दिसतो, पोकळीत असेल तर दट्ट्या सहज सरकतो आणि शिंग अगदी किंचित भरल्यासारखे होते. वीर्य एक ते तीन मिलिलिटरच असते, ते शरीराच्या तापमानाला आणून, हवेचा बुडबुडा काढून, सावकाश सोडतात. सुई काढल्यावर त्या छिद्रावर गॉज ठेवून मिनिटभर दाबतात. रक्त थांबले की गर्भाशय आत ठेवून पोटाचे थर विरघळणाऱ्या धाग्याने आणि कातडी वेगळी शिवतात. सर्व काही सुरळीत असेल तर चीर घेण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. यात घाई करून मिळवण्यासारखे काहीच नसते.

घरी आणल्यावर

मादी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिला दवाखान्यातच ठेवावे. दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांनी दिलेलेच द्यावे. माणसांच्या गोळ्या, स्टेरॉइड किंवा घरात उरलेली प्रतिजैविके देऊ नयेत, त्यांतील काही गर्भाला घातक आहेत. दहा-बारा दिवस गळ्यात कॉलर ठेवावी, टाके रोज पाहावेत आणि पळणे, उड्या मारणे, जिना चढणे थांबवावे. शिकारीच्या जातीची तरुण मादी हे सहजासहजी ऐकत नाही, म्हणून फिरवताना साखळी सोडू नये.

एक गोष्ट पालक हमखास विसरतात. रेतन झाले तरी माज त्याच दिवशी संपत नाही. पुढचे काही दिवस वाडीतले, गल्लीतले नर कुंपणावरून येतात आणि संधी मिळाली तर संग होतो. एकाच वेतात दोन नरांची पिल्ले होऊ शकतात आणि मग सगळ्या खर्चावर पाणी पडते. मादीला बंद खोलीत ठेवावे आणि नैसर्गिक विधीसाठीही सोबत जावे.

गर्भ राहिला की नाही हे साधारण चार आठवड्यांनी अल्ट्रासाऊंडवर दिसते. पिल्लांची संख्या मात्र ५५ व्या दिवसानंतरच्या क्ष-किरणात नीट मोजता येते. तारखेचा हिशेब करताना एक सावधगिरी हवी: गर्भकाळ अंडी सुटल्यापासून सरासरी ६३ दिवसांचा असतो, आणि शस्त्रक्रिया त्यानंतर तीन दिवसांनी झालेली असते, म्हणून वेत शस्त्रक्रियेपासून साधारण साठाव्या दिवशी अपेक्षित असते. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून ६३ मोजणारा पालक तीन दिवस उशिराने सावध होतो. वेताच्या आधीच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप पाहावा. तो एकाएकी ३७.२ अंशांच्या खाली गेला तर पुढच्या चोवीस तासांत कळा येण्याची शक्यता असते. पोटावर आधीचे टाके असलेल्या मादीच्या कळा लांबल्या तर वाट पाहू नये, सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन हाताशी असावा.

गर्भ राहिला नसेल तरी काम संपत नाही. माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. जास्त पाणी पिणे, उलट्या, सुस्ती किंवा मागून घाणेरडा स्राव दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुढच्या माजाचा विचार करण्याआधी लॅबचे सर्व आकडे, शस्त्रक्रियेची तारीख, वितळवलेल्या वीर्याची टक्केवारी आणि डॉक्टरांनी गर्भाशयाविषयी नोंदवलेले निरीक्षण असा कागद एकत्र करून तो दुसऱ्या पशुवैद्यकाला दाखवावा. कारण आकड्यांत सापडले तर पुढच्या वेळी फक्त दिवस सुधारावा लागतो, आणि तेव्हा दुर्बिणीची पद्धत वापरता येते. वीर्यात सापडले तर नर बदलावा लागतो. आणि गर्भाशयात सापडले तर त्या मादीचे प्रजनन थांबवावे.